धार कोणी लावायची?

दाढीच्या साधनांचा इतिहास सांगणारे लेखक बहुधा पात्याच्या आकारापासून सुरुवात करतात आणि मुठीच्या, दातऱ्याच्या व झाकणाच्या सुधारणांची यादी वाचत वाचत आजच्या काळापर्यंत येऊन पोहोचतात. परंतु हा व्यवहार जवळून न्याहाळणाऱ्याला असे दिसून येते की, गेल्या अडीचशे वर्षांत दाढी करण्याच्या क्रियेत जो पालट झाला त्याहून कितीतरी मोठा पालट पात्याला धार लावण्याच्या जबाबदारीत झाला, आणि ही जबाबदारी न्हाव्याकडून गिऱ्हाइकाकडे व गिऱ्हाइकाकडून कारखान्याकडे ज्या क्रमाने सरकत गेली तो क्रम ध्यानात घेतल्यावाचून या क्षुल्लक वाटणाऱ्या हत्याराची बखर नीट लागत नाही. एकधारी सेफ्टी रेझर, म्हणजे ज्याच्या पात्याला एका अंगाला धार आणि दुसऱ्या अंगाला जाड बोथट कणा असतो तो रेझर, हा या स्थित्यंतराचा मधला मुक्काम होय. अशा जातीचा एक नवा रेझर अलीकडे हाती आला आणि त्याच्या निमित्ताने या जुन्या प्रकरणाचे दप्तर पुन्हा उघडावेसे वाटले.

आमच्या मुलखात या कथेचा आरंभ अर्थातच गावगाड्यापासून करावा लागतो. न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. बलुत्याच्या थोरल्या, मधल्या व धाकट्या अशा ज्या तीन ओळी सांगतात त्यांपैकी मधल्या ओळीत त्याची गणना सामान्यतः होत असे. त्याचे वतन वंशपरंपरेचे, घरे वाटून घेतलेली, आणि कामाचा मोबदला रोख नव्हे, तर सुगीच्या दिवसांत खळ्यावर मिळणाऱ्या पेंढ्यांच्या व धान्याच्या रूपाने. भाऊबंदांत घरांच्या वाटणीवरून तंटा उपस्थित झाला म्हणजे तो गोतापुढे जावा, साक्षीपुरावे व्हावेत आणि ज्याचा हक्क शाबीत होईल त्याच्याकडे ती घरे राहावीत, अशी वहिवाट. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या साऱ्या व्यवस्थेची जी बारकाईने पाहणी केलेली आहे ती वाचताना बलुतेदारीचे गुण व दोष दोन्ही डोळ्यांपुढे उभे राहतात, आणि आत्रे यांचा कल दोष दाखवण्याकडे अधिक असल्याने वाचकाला पुष्कळदा गुण स्वतःच शोधून काढावे लागतात. न्हाव्याच्या बाबतीत त्यांतला एक गुण असा की, वर्षाच्या त्या बलुत्यात वस्तऱ्याची धारही समाविष्ट असे. गिऱ्हाईक ओट्यावर वा झाडाखाली मांडी घालून बसे, समोर न्हावी उकिडवा बसे, आणि पाते कसे परजले, केव्हा परजले, त्याला किती वेळ लागला, याची चौकशी करण्याचे त्या गिऱ्हाइकाला जन्मात कधी कारण पडत नसे.

ती सारी मेहनत धोकटीत असे. वस्तरा, कात्री, चिमटा, नखे काढण्याची नराणी, लहानसा आरसा, पाण्याची वाटी, आणि या सर्वांच्या जोडीला निसणा व चामड्याचा पट्टा, एवढा सरंजाम त्या चामडी पिशवीत मावत असे. निसण्यावर पाण्याचे चार थेंब टाकून पाते चपटे धरायचे, कणा आणि धार अशी दोन्ही अंगे एकाच वेळी दगडाला टेकतील अशा बेताने ते पुढे न्यायचे, उलटवायचे, मागे आणायचे. मग पट्ट्यावर, आणि पट्टा हाताशी नसेल तर तळहातावर, धार मागे व कणा पुढे ठेवून ते फिरवायचे. दगडावर धार पुढे चालते आणि चामड्यावर मागे, हा नियम ज्याच्या हाताला कळला त्याची निम्मी विद्या झाली. साबण तर फार पुढच्या काळातला. त्यापूर्वी केवळ पाणी लावून, बोटांच्या पेरांनी ते दाढीच्या खुंटांत जिरवून केस मऊ करण्यावर सगळी भिस्त असे, आणि ज्या भाषेने फसवणुकीला बिनपाण्याने हजामत करणे असे म्हटले त्या भाषेच्या बोलणाऱ्यांनी त्या पाण्याची किंमत गालाने मोजलेली होती, यात शंका नाही. सेना न्हाव्याच्या आख्यायिकेत भक्त भजनात रंगलेला असताना प्रत्यक्ष पांडुरंगाने धोकटी उचलून राजाची हजामत केली असे सांगतात. पण देवानेही जी धोकटी उचलली ती तयार धोकटी होती, वस्तरा परजण्याचे काम सेनाने आधीच करून ठेवले असले पाहिजे, असे मला ती कथा ऐकताना नेहमी वाटते.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्या दाराबाहेर कोण उभे होते हे विसरून चालणार नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत साताऱ्याच्या बालपणाचे जे चित्र काढले आहे त्यात त्यांची थोरली बहीण भावांचे केस कापत असे, असा उल्लेख येतो. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही, आणि त्याला द्यायला पैसे नव्हते असेही नाही, तर अस्पृश्याच्या डोक्याला वस्तरा लावण्यास कोणी न्हावी तयार नव्हता. ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांच्या हाती बहिष्काराचेही हत्यार गावाने दिलेले होते. उलट त्याच वस्तऱ्याने उच्चवर्णीय विधवांचे केशवपन करण्याची सक्ती समाजाने न्हाव्यावर केली होती. तिच्याविरुद्ध १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून, यापुढे आपण हे काम करणार नाही, असा ठराव केला, आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारख्या सत्यशोधक पुढाऱ्यांचे पाठबळ त्या चळवळीला लाभले. आमच्या सुधारणेच्या इतिहासात परिषदांची व व्याख्यानांची जेवढी दखल घेतली जाते तेवढी या ठरावाची घेतली जात नाही, हे मला अन्यायाचे वाटते. हत्यार खाली ठेवण्याचा निर्णय हत्यार चालवणाऱ्याने घेतला, याचे मोल शब्दांनी लढणाऱ्यांच्या कार्याहून रतिभरही कमी नाही.

स्वतःच्या हाताने स्वतःची दाढी करावी ही कल्पना तेव्हा अशा रीतीने सोयीपुरती मर्यादित राहत नाही; कोणाच्या अनुज्ञेवाचून आपले तोंड आपल्याला स्वच्छ ठेवता यावे, एवढा मोठा अर्थ तिच्यात आहे. युरोपात मात्र ती निव्वळ भीतीपोटी जन्मली. उघडा वस्तरा आपल्या गळ्यावरून आपणच फिरवणे हे काम धाडसाचे. म्हणून पॅरिसचा सुऱ्या-कात्र्या घडवणारा कारागीर झाँ-जाक पेरे याने १७६९ साली स्वतःची दाढी स्वतः करण्याच्या कलेवर एक ग्रंथच लिहिला आणि सुताराच्या रंध्यावरून कल्पना घेऊन पात्याला लाकडी आडोसा बसवण्याची युक्ती त्यात मांडली. रंध्याचे पाते जसे लाकडात ठरावीक खोलीपलीकडे शिरत नाही तसे हे कातडीत शिरू नये, एवढाच त्याचा हेतू. पुढे १८४७ मध्ये इंग्लंडच्या विल्यम हेन्सन याने पाते मुठीला काटकोनात, कुदळीच्या धाटणीवर बसवले आणि त्यापुढे फणीचे दात लावले. आज जगभर जो रेझरचा आकार रूढ आहे तो तेथून सुरू होतो. हाच हेन्सन तत्पूर्वी चारपाच वर्षे वाफेवर उडणारे विमान बांधण्याच्या खटपटीत होता. विमान उडाले नाही, कुदळ मात्र टिकली.

न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८० साली ज्या रेझरचे पेटंट घेतले तो ‘स्टार’ या नावाने विकला गेला, आणि खऱ्या अर्थाने बाजारात चाललेला पहिला एकधारी सेफ्टी रेझर तोच. वस्तऱ्याच्या पात्याचा एक आखूड तुकडा तोडून एका छोट्या चौकटीत बसवावा, खाली साबणाचा फेस साठवणारी डबी असावी, पुढे रक्षक दाते असावेत, अशी त्याची रचना. ऑलिव्हर वेंडेल होम्स या अमेरिकन लेखकाने १८८६ सालच्या आपल्या युरोपयात्रेच्या वृत्तांतात या यंत्राची मोठी तारीफ केली आहे. हलत्या बोटीवर, आरशावाचूनही निर्धास्त दाढी करता येते, याचे त्या वृद्ध वैद्याला केवढे नवल वाटले असावे! परंतु त्या नवलात एक मेख होती. पाते घडीव पोलादाचे, जाड व पाचरीसारखे. ते बोथट झाले की पट्ट्यावर परजावे लागे, आणि पट्ट्याने भागेनासे झाले की दगडावर लावावे लागे. म्हणजे न्हावी दारातून गेला खरा, पण जाताना आपला निसणा गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधून गेला. न्हाव्याने दोन पिढ्यांच्या सरावाने मिळवलेली विद्या कचेरीतल्या कारकुनाने सकाळच्या पाच मिनिटांत आत्मसात करावी, अशी ही अपेक्षा; ती पुरी होणे शक्यच नव्हते.

किंग कँप जिलेट याच्या मनात आपल्या शोधाची कल्पना आली ती नेमकी याच अडचणीतून. बाटल्यांची टोपणे बनवणाऱ्या कंपनीचा हा फिरता विक्रेता; त्या टोपणाचा जनक विल्यम पेंटर याने त्याला सल्ला दिला होता की, एकदा वापरून फेकून द्यावी लागेल अशी काही वस्तू शोध, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा तुझ्याकडे येईल. १८९५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ब्रुकलाइन येथे एका सकाळी दाढी करायला उभा राहिला असता त्याला आपले पाते पट्ट्यालाही दाद न देण्याइतके बोथट झालेले आढळले, आणि आता हे न्हाव्याकडे किंवा हत्यारे बनवणाऱ्याकडे घेऊन जावे लागणार, हा विचार मनात येताच कागदासारख्या पातळ पोलादी पट्टीची, दोन्ही कडांना धार असलेली आणि बोथट होताच टाकून देण्याची कल्पना त्याला स्फुरली, असे त्याने पुढे स्वतःच सांगून ठेवले आहे. पातळ पत्र्याला अशी धार धरणार नाही, असे धातूशास्त्राचे जाणकार त्याला सांगत राहिले. विल्यम निकर्सन या यंत्रविशारदाने पत्रा कडक करण्याची व घासण्याची यंत्रे सिद्ध केली तेव्हा कोठे मार्ग निघाला. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षात, अवघे ५१ रेझर व १६८ पाती खपली. १९०४ च्या नोव्हेंबरात पेटंट मिळाले, आणि ‘पट्टा नको, निसणा नको’ अशा आशयाची घोषणा जाहिरातींतून दुमदुमू लागली. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या फौजेसाठी सुमारे ३५ लाख रेझर आणि ३ कोटींहून अधिक पाती मागवली. विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा तोंडावर घट्ट बसायचा तर दाढी गुळगुळीत हवी, हे त्यामागचे एक कारण सांगतात. घरी परतलेल्या त्या शिपायांना रोजची दाढी अंगवळणी पडली होती.

एकधारी जात या धडाक्याने नष्ट झाली नाही. तिने दोन वाटा धरल्या. एक वाट कष्ट टाळण्याची: जेम, एव्हर-रेडी आदी अमेरिकन नावांनी जी एकधारी पाती विकली जाऊ लागली ती टाकून देण्याजोगीच होती, पण त्यांची जाडी दुधारी पात्याच्या दुपटीहून अधिक, सुमारे ०.२३ मिलिमीटर, आणि पाठीवर दुमडलेला पोलादी कणा. त्यामुळे ती वाकत नाहीत, थरथरत नाहीत, आणि राठ दाढीपुढे माघार घेत नाहीत. दुसरी वाट कष्टच सोपे करण्याची. हेन्री गेसमन याच्या ‘ऑटोस्ट्रॉप’ रेझरमध्ये पाते न काढता चामड्याचा पट्टा डोक्यातून ओवायचा आणि रेझर पुढेमागे ओढायचा, की पाते आपोआप कुशी पालटत परजले जाई. १९३० मध्ये ही कंपनी व जिलेट एक झाल्या. इंग्लंडचा ‘रोल्स’ रेझर त्याहून नामी. चपट्या चकचकीत डबीच्या एका झाकणाला आतून चामडे, दुसऱ्याला दगड, आणि मधल्या दांडीवर बसवलेले पाते दांडा ढकलला की खटखट आवाज करीत या कडेपासून त्या कडेपर्यंत जाऊन प्रत्येक फेरीला उलटे होई. अशी एखादी डबी आजही जुन्या वस्तूंच्या बाजारात हाती लागते. ती उघडून पाहावी; न्हाव्याची सबंध धोकटी एका साहेबी पेटीत कोंबण्याचा तो प्रयत्न इतका प्रामाणिक आहे की हसू येण्याऐवजी कौतुकच वाटते.

आपल्याकडे रेझर शिरला तो शहरी कचेऱ्यांच्या द्वारे. घेरा व शेंडी जाऊन डोक्यावर कापलेले केस आले, आणि ज्या क्षौराला वार, तिथी, एकादशी, अमावास्या पाहून मुहूर्त लागत असे ते आता घड्याळाच्या काट्यावर रोज करावे लागू लागले. आठवड्यातून एकदा दारी येणाऱ्या वतनदार न्हाव्याच्या हातून हे नित्यकर्म निभणे अशक्य होते. दुधारी रेझर आला, टिकला, आणि स्वातंत्र्योत्तर काळात टोपाझ, पनामा, भारत अशा देशी नावांच्या पात्यांनी घराघरांतल्या फडताळात जागा पटकावली. एकधारी पात्यांचा तसा पुरवठा येथे कधी झालाच नाही, आणि पाते मिळेना म्हणजे रेझर कितीही उत्तम असला तरी तो शोभेचा. पूर्वीच्या पात्यांना कोकणातल्या पावसाळ्यात दोन दिवसांत गंज चढे, म्हणून पुसून, तेलाचे बोट लावून ती कागदात ठेवावी लागत. टंचाईच्या काळात काटकसरी माणसे बोथट पाते काचेच्या पेल्याच्या आतल्या अंगाला घासून त्याच्याकडून आणखी काही दाढ्या काढून घेत. फेकून देण्यासाठी निर्माण झालेल्या पात्याला पुन्हा धार लावीत बसणारी ती माणसे जिलेटने पाहिली असती तर त्याचा जीव नक्कीच कासावीस झाला असता. १९६० नंतरच्या दोनतीन वर्षांत विल्किन्सन या तलवारी बनवणाऱ्या इंग्रज कारखान्याने न गंजणाऱ्या पोलादाचे पाते बाजारात आणले, आणि पेला पुन्हा पाणी पिण्यापुरता उरला.

आता माझ्या हातातल्या नव्या रेझरविषयी. तो अखंड पोलादातून कोरलेला असून हाताला चांगला जड लागतो. पाते वेष्टनातून कण्याच्या बाजूने धरून काढायचे, डोक्याखालच्या खाचेत सरकवायचे, आणि मूठ फिरवून झाकण आवळायचे. धार जेमतेम केसभर बाहेर डोकावते. दुधारी रेझरला सरावलेला हात मूठ गालापासून खाली खेचून पात्याचा कोन शोधू पाहतो. येथे तसे करून भागत नाही. डोक्याची सपाट पाठ प्रथम गालाला चिकटवायची, आणि मूठ अगदी किंचित झुकवली की धार आपण होऊन केसांना भिडते. भिडते म्हणजे ऐकूही येते: पातळ पाते कुजबुजत जाते, हे जाड पाते प्रत्येक खुंट तोडल्याची कर्रर्र अशी स्वच्छ वर्दी देते, आणि साबण कोठे विरळ पडला हे आवाजावरूनच कळते. गालांवर सुलटा हात एकदा फिरला की बहुतेक काम आटोपते. जबड्याखाली, जेथे केसांचा भोवरा असतो, तेथे मात्र दुधारीची एक सोय आठवते. तेथे रेझर अर्धवर्तुळ फिरवून दुसरी स्वच्छ धार वापरता येते, येथे पदोपदी पाण्याखाली धरून फेस धुवावा लागतो. शेवटी ओली तुरटी फिरवली. तुरटीइतका निःस्पृह परीक्षक नाही. पात्याने कोठे आगाऊपणा केला ते ती झोंबून तत्काळ सांगते, आणि हनुवटीच्या डाव्या अंगाखेरीज तिने कोठेही तक्रार केली नाही. एकंदरीत घोटून दाढी झाली. तरीही खरे सांगायचे तर, या रेझरचे जे भक्त त्याला उघड्या वस्तऱ्याचा वारस म्हणतात त्यांचे म्हणणे मला निम्मेच पटते. पात्याच्या कणखरपणात वारसा आहे, पण पाते बोथट झाले की मी तेही टाकूनच देणार, आणि वस्तऱ्याच्या विद्येतला कठीण भाग तर परजण्याचा.

तो भाग आता न्हाव्याच्याही हातून गेलेला आहे. रक्तातून पसरणाऱ्या रोगांची धास्ती, विशेषतः एड्सची, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जसजशी पसरली तसतसे केशकर्तनालयांतले परजायचे वस्तरे खणात गेले आणि त्यांच्या जागी वस्तऱ्याच्याच आकाराचा, पण बदलत्या पात्याचा दांडा आला. कारागीर नवे दुधारी पाते त्याच्या कागदासकट बोटांत धरतो, मधोमध वाकवून काड्कन त्याचे दोन तुकडे करतो, एक तुकडा दांड्यात सरकवतो आणि दुसरा पुढच्या गिऱ्हाइकासाठी कागदात गुंडाळून ठेवतो. जिलेटने महत्प्रयासाने दुधारी केलेले पाते असे आपल्याकडे रोज लक्षावधी वेळा एकधारी होत असते.

आमच्या पेठेतल्या केशकर्तनालयाच्या मालकांना मी माझा नवा रेझर मुद्दाम नेऊन दाखवला. त्यांचे आजोबा गावाकडे बलुत्यावर होते, वडिलांनी शहरात येऊन दुकान थाटले, आणि ते स्वतः लहानपणी निसण्यावर हात बसवलेले बहुधा शेवटचे. त्यांनी रेझर उलटासुलटा करून पाहिला, झाकण उघडले, पात्याच्या कण्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “काका, हे तर आमचंच अर्धं पातं. दांडा तेवढा आडवा लावलाय.” मग त्यांनी किंमत विचारली. मी ती सांगितली तेव्हा खुर्चीत साबण लावून बसलेले गिऱ्हाईकही मान वळवून पाहू लागले, आणि मालकांनी रेझर अत्यंत आदराने माझ्या हातात परत ठेवला.